हातातून सांडलेला भंडारा

बावड्याच्या हिंदुरावांना एकाच गोष्टीचा गर्व होता: खोटं आपल्याला लांबून ओळखू येतं. बांधाचं भांडण असो की पाण्याचं, ते दोघांनाही खंडोबाच्या देवळात उभे करायचे आणि म्हणायचे, "उचल भंडारा." खऱ्याचा हात कापत नाही, हे त्यांचं मत. मत कसलं, हेकाच.

तो त्यांनी पोटच्या पोरावरही चालवला. अडतीस वर्षांचा गोकुळ डाळिंबाची बाग सांभाळायचा. श्रावणात एका सकाळी तो झोकांड्या खात घरी आला, जीभ जड झालेली. हिंदुरावांनी ना विचारलं, ना तोंडाचा वास घेतला. दंड धरून देवळात नेला आणि चार माणसांदेखत म्हणाले, "प्यायला न्हाईस ना? मग उचल भंडारा." गोकुळने ताटात हात घातला, पण मूठ वळेना. सगळी हळद पायरीवर सांडली. घटकाभरात हात सावरला, जीभही सुटली, पण तोवर गावाचा निकाल लागला होता. गोकुळ पुन्हा पारावर फिरकला नाही.

चार महिन्यांनी त्याचं तोंड वाकडं झालं. या वेळी सून दिपालीने सासऱ्यांना विचारलंच नाही, गाडी थेट बारामतीला नेली. मेंदूत गुठळी निघाली. एवढ्या तरण्या माणसाला गुठळी कशी, म्हणून डॉक्टरांनी हृदयाची सोनोग्राफी करायला घेतली. हिंदुराव कोपऱ्यात उभे होते.

डॉक्टरीणबाईंनी सलाइनच्या पाण्यात किंचित हवा घुसळून ते गोकुळच्या शिरेत सोडलं. "श्वास रोखून जोर लावा. आता सोडा." मशीनच्या स्क्रीनवर हृदयाची उजवी बाजू पांढऱ्या बुडबुड्यांनी भरली, आणि त्यातले काही मधल्या पडद्यातल्या बारीक फटीतून डावीकडे निसटले.

"जन्माआधी ही वाट सगळ्यांचीच उघडी असते, नंतर मिटते," बाई म्हणाल्या. "चौघांत एकाची थोडी उघडी राहते. बहुतेकांना त्रास होत नाही. यांची गुठळी बहुधा इथूनच मेंदूकडे गेली. याआधी कधी हात गळाला होता? जीभ जड झाली होती?"

गोकुळने वडिलांकडे पाहिलं. "न्हाय."

हिंदुरावांनी ते खोटं लगेच ओळखलं. पोरगा बापाची अब्रू झाकत होता, तीही स्वतःचा जीव धोक्यात घालून. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना झालं.

"झालं हुतं, म्याडम. श्रावणात," ते म्हणाले. "म्या त्याला दारुडा ठरवला."

बाईंनी लिहून घेतलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

रविवारी हिंदुराव देवळात गेले. तीच चार माणसं त्यांनी बोलावून घेतली होती. भंडाऱ्यात हात घालून ते म्हणाले, "माझा गोकुळ त्या दिवशी प्यायला न्हवता. त्यो आजारी हुता. आंधळा मी हुतो."

त्यांचा हात इतका कापला की अर्धी हळद पायरीवर सांडली. आणि आयुष्यात कधी नव्हे इतकं ते खरं बोलत होते.