फक्त आरतीपुरतं

हाताखाली काहीही आलं की पेटीकाका त्याची पेटी करत. जेवणाचं टेबल, ग्रोसरीच्या कार्टची दांडी, गाडीचं स्टिअरिंग. लाल सिग्नलवर ते रंगात येत, सिग्नल हिरवा झाला नि मागच्याने हॉर्न दिला की म्हणत, "सूर बरा आहे, पण घाई फार!"

अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या मराठी मंडळात कुणी भलत्याच पट्टीत गाणं सुरू केलं तरी त्यांची भुवई हलत नसे. "तू गा, मी येतो मागून," म्हणत आणि खरंच येत. मी तर कडव्यागणिक पट्टी बदलणारा. मलाही त्यांनी सांभाळून घेतलं.

मग त्यांच्या उजव्या हाताची अनामिका मिटली की अडकू लागली. बोट मिटवणारी शीर हाडालगत धरून ठेवणारे छोटे पट्टे असतात. ऑपरेशनमध्ये बोट मोकळं व्हावं म्हणून त्यातला एक कापला, दुसरा नाजूक निघाला म्हणून शिवला. शिवलेल्या पट्ट्याला आधार म्हणून थेरपिस्टने बोटात प्लास्टिकची जाड अंगठी चढवून बजावलं, ही काढायची नाही आणि इतक्यात पेटी नाही.

नेमके गणपती आले. मी मंडळाचा कार्यवाह. "काका, ट्रॅकवर आरती म्हणजे लिफ्टमधलं म्युझिक हो! फक्त आरतीपुरतं बसा. पाच मिनिटं."

"बाबा, शी सेड नो. लिटरली नो," त्यांची मुलगी म्हणाली.

"अगं, आरतीच तर आहे," म्हणत काकांनी अंगठी काढून खिशात टाकली.

आपली आरती कधी पाच मिनिटांत संपते? गणपतीची झाली, शंकराची झाली, देवीची झाली. "अजून एक होऊन जाऊ दे!" शाळेची जिम दणाणत होती. काकांचे ओठ आवळलेले मला दिसले. तरी पुढची आरती मीच उचलली.

पुढे ती शीर हाडापासून सुटली. तळहाताशी त्वचेखाली ताणलेल्या तारेसारखी उभी राहिली, बोट वाकलं ते वाकलंच. दुसरं ऑपरेशनही फळलं नाही. नक्की कशामुळे, ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. मला सांगता येतं. काका मात्र बोट दाखवत म्हणाले, "बघ, पेटीवाल्याच्या हाताचा तंबोरा झाला!"

आता आरती ट्रॅकवर होते. गर्दीत ते माझ्या मागे उभे राहतात. माझी पट्टी सुटली की कानाशी येतं, "तू गा." आणि खांद्यावर त्यांची बोटं वाजू लागतात. अनामिकेची जागा रिकामी जाते.