निरंक

प्रोग्राम मध्येच पडला की साहेब माझ्याकडे असे बघायचे, जणू मीच पडले. ऐंशीच्या दशकात शहरातल्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत मी पाणीटंचाईच्या याद्या संगणकावर चढवत असे. यादीत नाव आले तरच वस्तीला बोरिंग मिळे. माहिती डब्यात डबा अशी ठेवलेली: तालुक्यात गाव, गावात वस्ती, वस्तीत टंचाईची नोंद. सगळ्या वस्त्यांच्या जुन्या यादीतली एकेक वस्ती घेऊन मशीन तिची नोंद शोधायचे. मधला एक डबा जरी गायब असला, तरी मशीन तिथेच ठप्प व्हायचे आणि सगळे पहिल्यापासून करावे लागायचे.

मला शहाणपण सुचले. प्रत्येक पायरीवर आधी विचारायचे, पुढचा डबा आहे का? नसेल तर न अडखळता एक ठरलेला शब्द छापायचा. शब्द कचेरीतलाच उचलला: निरंक. निरंक म्हणजे तपासले, काही आढळले नाही. इथे तर कोणी तपासलेच नव्हते, आणि हा फरक मला चांगला कळत होता. पण 'माहिती आली नाही' असे छापले असते, तर साहेबांना तालुक्याला पत्रे लिहावी लागली असती आणि ओरडा मी खाल्ला असता. यादी एका दमात निघाली. साहेबांनी पेढे मागवले. मी दोन खाल्ले.

आमचा शिपाई रामटेककडचा, माझ्या वडिलांच्या वयाचा, तरी मी त्याला अरे-तुरे करायची. त्याचे घर गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीत. विहीर गावात, आणि गाव पाणी भरू देत नसे.

"आमच्या वस्तीचं नाव आलं काय जी, मॅडम?"

मी कागद उलटला. वस्तीच्या नावापुढे निरंक छापलेले; म्हणजे गावाच्या डब्यात वस्तीचा डबाच नव्हता. तिकडे तपासायला कोणी फिरकलेच नसणार.

"निरंक. म्हणजे टंचाई नाही."

"कशी नाही? माही बायको रोज कोसभर जाऊन राहिली पाण्याले."

"मशीन खोटं बोलत नाही," मी तोडून टाकले. लाज वाटत होती, म्हणून आवाज जास्तच चढला.

तो त्या शब्दाकडे बघत राहिला. मग माझीच समजूत घातल्यासारखा म्हणाला, "मंग आमचंच चुकलं असन जी. आम्हीच कोणाले सांगितलं नसन."

माझ्या टेबलावरचा रिकामा ग्लास उचलून त्याने विचारले, "पाणी आणू?"

मी म्हणाले, "आण."