चिंचेनं घासलेली रात्र

मुरुम गावच्या बाजारातल्या सोनारमामांची एक सवय आहे. वस्तू हातात दिली की ते आधी डोळे मिटून तिच्यावरून अंगठा फिरवतात, मगच बघतात. बोलायची सुरुवात कायम "बगू"नं.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, म्हणजे कलेतलं मला फार कळतं असा माझा समज. जपानी तलवारीच्या मुठीपुढं बसवायची एक जुनी चकती मी हौसेनं मागवली होती. तांब्यावर सोन्याचा चंद्र, चांदीचं गवत आणि गवतावर रातकिडा. ती मामांच्या हातात देऊन मी जपानी कलेवर भाषण ठोकलं.

मामांचा अंगठा मधेच थांबला. "बगू. चिंच लावली का सर?"

"व्हय! लई काळी पडली होती. देवाच्या तांब्यासारखी लख्ख केली."

मामांनी डोळे उघडले. कडेच्या खाचेत थोडं काळं उरलं होतं, तिथं बोट ठेवून ते हळूच म्हणाले, "ह्यो मळ न्हाय सर. कारागिरानं मुद्दाम चढवलेला रंग हाय. ही रात हुती."

मग माझ्याकडं न बघता त्यांनी चकती नव्या दागिन्यासारखी गुलाबी कागदात बांधून दिली.

वर्गात मी पोरांना रोज ओरडतो, सावली खोडू नका म्हणून.