न पाहिलेला अंतिम सामना

पंधरा वर्षं मी नंदुरबारहून खेळाच्या बातम्या दिल्या. जिल्ह्याचा संघ बाहेर खेळायला निघाला की मीही त्यांच्याबरोबर निघायचो. जनरलच्या डब्यात बाकड्याच्या कडेला टेकून बसायचं, खेळाडू मुलींच्या जेवणाच्या डब्यातली भाकरी खायची, कोणाचा घोटा दुखतोय, कोण घरच्या आठवणीने गप्प आहे हे बघत जायचं. बातमीचा अर्धा भाग मला प्रवासातच मिळायचा.

मग एक दिवस मुख्य कार्यालयाचा निरोप आला. खर्च कमी करायचाय, यापुढे जिल्ह्याबाहेर कोणी जायचं नाही, निकाल फोनवर घ्यायचा. फोटोग्राफरला त्याच महिन्यात घरी पाठवलं. बातम्यांची पानं जुळवणारा सहकारी धुळ्याला गेला. कापडाच्या दुकानावरच्या आमच्या कार्यालयाच्या खोलीत तीन टेबलं होती, माणूस मी एकटा.

त्या वर्षी नवापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेच्या मुली खो-खोत राज्याच्या अंतिम फेरीत पोचल्या. सामना होता सांगलीला. मी सकाळपासून टेबलाशी बसून होतो. फोन हाताशी, वही उघडी. सामन्याची वेळ झाली, तसा उगाचच उठून खिडकीशी गेलो. खाली बाजार नेहमीसारखा चालला होता.

दुपारी क्रीडाशिक्षकांचा फोन आला. माणूस शहाद्याकडचा, एरवी अहिराणीत तासभर बोलणारा.

"हारी गवूत, भाऊ. एक गुण कमी पडना."

"कसं काय? काय झालं?"

"कर्णधारनी चूक. शेवटला मिनिटले बाद व्हयनी. पोरी रडी ऱ्हायन्यात, ठेवस मी."

तेवढ्यावर मी बातमी केली. मथळा दिला, 'कर्णधाराची चूक महागात'. मैदान मी पाहिलेलं नव्हतं, तरी 'प्रेक्षकांनी श्वास रोखून धरले होते' असं लिहून मोकळा झालो.

दोन आठवड्यांनी एका रविवारी मनात काहीतरी खुपायला लागलं आणि मी गाडीने चिंचपाड्याला उतरलो. त्या कर्णधार मुलीचं घर तिथून पुढे, चालत अर्ध्या तासावर. ती आईबरोबर भाताचं खळं सारवत होती. मला पाहून हात धुऊन आली, पण नेहमीसारखी हसली नाही. घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलणारी ती मुलगी माझ्याशी शाळेतल्या मराठीत, शब्द जुळवत बोलायची.

"सर, तुम्ही लिहिलं मी चुकले."

"तुझे सर म्हणाले तसं."

"मी चुकले नाही. खांबाजवळ मागे धावणाऱ्या मुलीची बोटं माझ्या पाठीला लागली. पंच दुसरीकडे बघत होते, त्यांना दिसलं नाही. मी हात वर केला आणि बाहेर गेले."

"कोणी सांगितलं होतं तुला बाहेर जायला?"

"कोणी कशाला सांगेल? लागलं होतं ना, सर."

मग तिने हळूहळू सगळं सांगितलं. परतीच्या गाडीत तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. शिक्षक दाराशी उभे राहिले, मुली तिच्या बाकावरून उठून पलीकडे जाऊन बसल्या. पुण्यात गाडी बदलली तेव्हा तिचं सामान तिने एकटीनेच उचललं.

"तुम्ही गाडीत असता तर माझ्याजवळ बसला असता," ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, सरळ सांगितलं.

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली आणि आईने आणलेला कोरा चहा माझ्यापुढे सरकवला.

सोमवारी मी खरी हकिकत लिहून पाठवली. मुख्य कार्यालयातल्या संपादकांचा फोन आला. "चांगलं लिहिलंय तुम्ही. पण तो सामना होऊन पंधरा दिवस झाले. आता कोण वाचणार?"

"निदान चुकीची दुरुस्ती तरी छापा, साहेब."

"चूक कुठे आहे? ती बाद झालीच होती ना?"

ती हकिकत छापून आली नाही. मी तिची एक प्रत काढून त्या मुलीच्या नावाने शाळेच्या पत्त्यावर पाठवली. पोचल्याचं काही कळलं नाही.

पुढच्या वर्षी तोच संघ पुन्हा राज्यावर गेला. ती मुलगी दहावी होऊन शाळेतून बाहेर पडली होती. मी घरगुती कामाची रजा टाकली आणि स्वतःच्या पैशाने तिकीट काढून निघालो. संघ आदल्या दिवशीच पुढे गेल्यामुळे पूर्ण प्रवासात ओळखीचं कोणी नव्हतं. मैदानावर पत्रकारांच्या खुर्च्या होत्या, पण कार्यालयाचं पत्र नसल्याने मला तिथे बसता येईना. पायऱ्यांवर, दुसऱ्याच जिल्ह्याच्या पालकांमध्ये जागा मिळाली. सगळे आपापल्या मुलींना हाका मारत होते.

मध्यंतरात क्रीडाशिक्षकांनी मला पाहिलं आणि ते वर आले.

"भाऊ, पेपरनी धाडं का तुमले?"

"नाही. असाच आलो."

ते माझ्या शेजारी पायरीवर टेकले. गेल्या वर्षीच्या सामन्याचं बोलायला त्यांनी सुरुवात केली, पण तेवढ्यात खालून शिट्टी झाली आणि ते गेले. मी वही उघडली आणि खेळणाऱ्या मुलींचे क्रमांक लिहून घेऊ लागलो.