बँडच्या शेडमधला पियानो

“अजून संपलं नाही हां!” असं म्हणून ती उजव्या हाताचं एक बोट वर करायची आणि डाव्या हातानं वाजवतच राहायची. गाणं संपलं म्हणून टाळ्यांसाठी उचललेले आमचे हात तसेच हवेत राहायचे. मग ती त्या गाण्याला घेऊन आणखी एका गल्लीत शिरायची, भलत्याच ठिकाणी बाहेर पडायची आणि आमच्याकडे बघून हसायची. वय वर्षं बारा. दोन वेण्या, समोरचा एक दात किडका. पाय खालच्या पेडलपर्यंत नीट पोचायचे नाहीत, म्हणून अर्धी बसलेली आणि अर्धी उभी.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा नाशिक रोडला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचो. तुम्ही म्हणाल, बँडवाल्याचा आणि पियानोचा संबंध काय? आम्हीही तेच म्हणत होतो.

तिची आई देवळालीच्या एका सॅनेटोरियममध्ये आया होती. तिथल्या हॉलमध्ये कुणा साहेबानं मागे ठेवलेला पियानो होता, आणि हवापालटाला येऊन कायमचे राहिलेले गोव्याचे एक म्हातारे सर होते. एके काळी ते मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवायचे. आई फरशी पुसायची तेवढा वेळ पोरगी सरांजवळ. कुठलंही गाणं ती एकदा ऐकून जसंच्या तसं वाजवायची आणि दुसऱ्यांदा असं काही मुरडायची की मूळ गाणं बिचारं वाटावं. सर तर वेडेच झाले. त्यांनी तिला मंत्र दिला, “बाय, जॅझ म्हणजे गप्पा. समोरचा बोलून थांबला की तू बोलायचं. गप्प बसलीस तर त्याचा अपमान.” हा मंत्र पुढे आमच्या अंगाशी येणार होता.

मग एक दिवस सॅनेटोरियमवाल्यांनी ठरवलं की हॉलमध्ये खाटा टाकायच्या आणि पियानो फोडून त्याचं लाकूड वापरायचं. पोरीनं दोन दिवस जेवण सोडलं. सरांनी कुणाकुणाला विचारलं, पण एवढं धूड ठेवणार कोण? शेवटी ते आमच्या मास्तरांकडे आले. मास्तर म्हणजे बँडचे मालक. झुबकेदार मिशा, लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर. मला बरोबर घेऊन ते पोरीचं वाजवणं ऐकायला देवळालीला गेले.

तिनं वाजवलं. मास्तर गंभीर चेहऱ्यानं ऐकत होते.

“पिक्चर कोणतं?” त्यांनी विचारलं.

“पिक्चरचं नाही. जॅझ आहे.”

“पिक्चरचं नाही, तर वरातीत लोक नाचणार कशावर?”

“मग तुमचा पाय कशावर हलतोय?”

मास्तरांनी खाली पाहिलं. पाय खरंच हलत होता. त्यांनी तो दुसऱ्या पायानं दाबून धरला.

“पियानो आमच्या शेडमध्ये राहील,” ते म्हणाले. “पण नुसता बसून राहणार नाही. तू लग्नात वाजवायचं. आणि एका जरी लग्नात आमची अब्रू गेली, तर दुसऱ्या दिवशी पियानो शेडच्या बाहेर. कबूल?”

“कबूल,” ती म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय? हा पियानो गेला असता, तर तिच्या बोटांना दुसरा मिळणार नव्हता.

पियानो आणायला ट्रक मिळाला तो लासलगावला कांदे उतरवून परत निघालेला. ट्रकभर कांद्याची सालं. ती वाऱ्यानं उडून पियानोत शिरली ती शिरलीच. पुढे कितीतरी महिने तिनं खालच्या पट्ट्या जोरात वाजवल्या की वरून एखादं गुलाबी सालपट उडायचं. ढोलवाला म्हणायचा, “पोरीच्या वाजवण्याला फोडणी बसली बघा.” शाळा सुटली की ती देवळालीहून बसनं यायची, आणि बसमध्येही पुढच्या सीटच्या दांड्यावर तिची बोटं चालूच. पुढे बसलेले लोक वैतागून मागे बघायचे आणि तिला बघून हसायचे.

पहिलं मोठं लग्न घोटीचं. भाताच्या गिरणीच्या मालकाची मुलगी. पियानो ट्रकवरून उतरवला तेव्हा नवरीला बघायला उभ्या असलेल्या बायकासुद्धा तिकडे पळाल्या.

आता बँडवाल्याचं एक काम नीट समजून घ्या. मंगलाष्टकं चालू असताना आम्ही श्वास रोखून उभं राहायचं. शेवटचं ‘सावधान’ झालं की भटजी हात वर करतात आणि आम्ही एकदम फुंकतो. अंतरपाट खाली येतो, सगळ्यांच्या अक्षता एकदम पडतात. मांडवात मागे उभ्या असलेल्या लोकांना भटजी दिसत नाहीत, त्यांचे कान बँडकडे असतात. बँड वाजला म्हणजे लग्न लागलं.

त्या दिवशी मुहूर्ताला अवकाश होता, म्हणून भटजी ताणून ताणून म्हणत होते. गळा चांगला होता त्यांचा. मधल्याच एका कडव्याचं ‘सावधान’ त्यांनी असं लांबवलं, असं फिरवलं, आणि पाणी प्यायला थांबले.

समोरचा बोलून थांबला होता. पोरीनं उत्तर दिलं.

भटजींचंच ‘सावधान’ तिनं उचललं, जरासं तिरकं केलं आणि परत केलं. ते ऐकताच ढोलवाल्याचे हात आपोआप पडले. मास्तरांनी ट्रंपेट फुंकला. मीही फुंकलं, खोटं कशाला बोलू? मांडवभर अक्षता उडाल्या. मामांनी अंतरपाट सोडला. नवरा-नवरीनं गडबडीत एकमेकांना हार घातले. मागची मंडळी तर पंगत धरायला पळालीसुद्धा.

“अहो, थांबा!” भटजी तांब्या हातात धरून ओरडले. “मुहूर्त व्हायचाय अजून!”

सगळा मांडव वळून आमच्याकडे बघायला लागला. मास्तरांच्या मिशा थरथरत होत्या. पोरीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. इतक्या दिवसांत तिची बोटं मी पहिल्यांदा थांबलेली पाहिली.

“दादा,” ती मला हळूच म्हणाली, “आता पियानो जाणार ना?”

मी क्लॅरोनेट काखेत मारून मास्तरांकडे पाहिलं.

मामांनी घाईघाईनं अंतरपाट परत धरला. आणि त्याच्या मागून आवाज आला. नवरी हसत होती. हसू दाबत होती, पण दाबलं जात नव्हतं. मग पलीकडून नवरदेव फिसकन हसला. अंतरपाट दोन्ही बाजूंनी हलायला लागला.

“अक्षता संपल्या!” कुणीतरी ओरडलं.

“घोटीत आन् तांदूळ संपला?” गिरणीवाला गरजला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर त्याला हसू फुटलं. “फोडा रं पोतं!” पोतं फुटलं. बायका कुंकू कालवायला बसल्या. नवरदेवाची आजी काठी टेकत पियानोपाशी आली. “घाबरू नको वं बाई,” ती म्हणाली. “लय ग्वाड वाजावलंस. म्हूर्त येईस्तवर वाजव.”

पोरीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान डोलावली.

मग काय विचारता! भटजींनी कडवं म्हणायचं, पोरीनं उत्तर द्यायचं. थोड्या वेळानं भटजी मुद्दाम अवघड तान घ्यायला लागले आणि कानावर हात ठेवून उत्तराची वाट बघायला लागले. दोन पट्ट्या प्रवासात मुक्या झाल्या होत्या, त्यांवरून ती उड्या मारत होती. पंगतीला गेलेले लोक द्रोण हातात घेऊन परत आले. खरा मुहूर्त आला तेव्हा भटजींना ओरडून सांगावं लागलं की हात वर करा.

परतताना मास्तर ट्रकमध्ये लाल कोटाची घडी पुन्हा पुन्हा घालत बसले. पोरगी पियानोला पाठ टेकून बसली होती, श्वासही बेतानं घेत होती. शेवटी ते म्हणाले, “मुलाकडचे म्हणत होते, त्यांच्या धाकट्याच्या लग्नातही हे मधलं वाजवणं पाहिजे.” ती एवढ्या जोरात ओरडली की ड्रायव्हरनं ब्रेक मारला.

पुढची काही वर्षं आम्ही जमिनीवर नव्हतोच. लोक लग्नाची तारीख धरण्याआधी पोरीची परीक्षा कधी आहे ते विचारायचे. मग सरांनी मुंबईहून आपल्या जुन्या दोस्ताला बोलावलं. त्यानं शेडमध्ये खोक्यावर बसून तिचं वाजवणं ऐकलं आणि डोळे पुसले. मोठ्या हॉटेलात वाजवायला तिला नेतो म्हणाला. मास्तर तिच्या आईला म्हणाले, “हॉटेलात? पोरीच्या जातीला?” आई शांतपणे म्हणाली, “वाजवू द्या तिला. फरशी पुसणारे हात आमच्या घरात पुष्कळ झाले.”

निघायच्या दिवशी ती शेडमध्ये आली. आमच्यासाठी एक गाणं वाजवलं. आम्हा सगळ्यांना पाठ असलेलं, तिचं लाडकं. नेहमीसारखं गल्लीबोळांतून फिरवून आणलं, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. आणि तो एक सूर न वाजवता हात उचलला. “अजून संपलं नाही हां,” ती म्हणाली, झाकण लावलं आणि गाडी चुकेल म्हणून स्टेशनकडे पळाली.

ती मुंबईला वाजवते, मग बोटीवर वाजवते, मग परदेशात, अशा बातम्या सर आणायचे. पुढे सर गेले, तिची आईही गेली, आणि बातम्या थांबल्या. आम्हाला तिची फार आठवण यायची. लग्नात भटजी श्वास घ्यायला थांबले की आम्ही सगळे एकदम तिचा पियानो असायचा त्या बाजूला बघायचो.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं आणि बँडमध्ये बॅटरीवरचा कीबोर्ड आला. शेडमध्ये जागा पुरेना. मास्तरांच्या मुलानं पंचवटीतला एक जुन्या फर्निचरचा व्यापारी आणला. त्यानं झाकण उघडलं आणि डावीकडून एकेक पट्टी दाबून बघायला लागला. मास्तर गुडघ्यांमुळे शेडमधल्या खाटेवरच असायचे. ढोलवाला आणि मी दाराशी उभे होतो. व्यापाऱ्याचं बोट एकेक पट्टी पुढे सरकत, तिनं जाताना न वाजवता सोडलेल्या त्या शेवटच्या सुरापाशी आलं.

“थांबा!” आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

व्यापारी दचकला. “का? पट्टी बिघडलीय का?”

मास्तर खाटेवरून उठले. खरंच उठले. लंगडत पियानोपाशी आले आणि त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

“अजून संपलं नाही हां,” ते म्हणाले.

व्यापारी गेला. मास्तरांनी झाकण लावायला हात घातला, तेव्हा आतून कांद्याचं एक सालपट खाली पडलं. त्यांनी ते वाकून उचललं, आमच्याकडे पाहिलं आणि परत आत टाकून दिलं.