लाल टिकला का? दादर, लालबाग, गिरगाव

नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत मी गेली कित्येक वर्षं एक लाल पावडर बनवते. युरोपियम नावाचा दुर्मीळ धातू त्यात चिमूटभर असतो. एलईडी मुळात निळी; तिच्यावर अशा पावडरींचा थर दिला की उबदार पांढरा उजेड मिळतो. पण गरमीत आणि दमट हवेत लाल रंग आधी मान टाकतो, उजेड फिका पडतो. माझा लाल टिकतो, असा माझा दावा. मुंबईच्या हवेत तो तपासावा म्हणून पाच वर्षांपूर्वी तिथल्या दोन दुकानांत दोन दिवे लावून आले होते. यंदा मी निवृत्त होतेय. दिवे फिके पडले असते तर आयुष्यभर काय केलं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आई रोज संध्याकाळी त्या लाल रंगाची चौकशी करायची. ती मार्चमध्ये गेली. मे महिन्यात मी तिकीट काढलं.

सकाळी दादरला उतरले. स्टेशनजवळ सोळाशेत बरी खोली मिळते, फक्त काउंटरवरचा माणूस "एकट्याच?" असं दोनदा विचारतो. साबुदाणा वडा आणि पीयूष पोटात गेल्यावर मी त्याला माफ केलं.

मग लालबागची मसाला गल्ली. मे महिन्यात जाणार असाल तर रुमाल विसरू नका, शिरताच ठसका लागतो. पहिला दिवा इथल्या एका मालवणी मावशींच्या दुकानात होता. होता म्हणजे, आता नव्हता.

"तो दिवो? तेव्हाच काढून ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "गिरायकाक मिरची लालभडक दिसाक व्होयी. तुझ्या दिव्यात ती आसा तशीच दिसता!"

मी खूप दिवसांनी मोठ्याने हसले. पण पाच वर्षं लावलाच नाही त्या दिव्याची परीक्षा कसली घेणार? आता सगळी भिस्त गिरगावावर होती. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बसने गिरगाव. आधी खानावळीत जेवले. तिथे एकट्या माणसासमोर दुसरा एकटा माणूस बसवतात, मला ती पद्धत आवडली. त्याने मीठ मागितलं, मी दिलं. सकाळपासूनचं एवढंच बोलणं.

दुसरा दिवा ज्या साडीच्या दुकानात होता, तिथल्या काकांनी मात्र तो रोज इमानाने लावला होता. पर्समधून उजेडातले रंग मोजणारा मीटर काढून मी दिव्याखाली धरला. लालचा आकडा पाच वर्षांपूर्वी जिथे होता, जवळजवळ तिथेच! मी फोन हातात घेतला आणि कुणाला लावायचा ते सुचेना. पुन्हा पर्समध्ये ठेवून दिला.

तेवढ्यात एक आई आणि तिची मुलगी साडी घेऊन दाराबाहेर उन्हात गेल्या. मला राग आला.

"काका, रंग तर आतही तोच दिसतो. मग बाहेर कशाला?"

"अहो ताई, रंग बघायला कोण जातंय?" काका हसले. "माझ्यासमोर मायलेकींना बोलता येतं का? बाहेर जाऊन आई सांगणार, ही नको, तुला शोभत नाही. मी आपला इथे घड्या घालत बसतो."

मीही एक साडी घेतली, डाळिंबी. काका सवयीने म्हणाले, "जा, बाहेर नेऊन बघा." गेले. फुटपाथवर ती उन्हात धरली. रंग अगदी आतल्यासारखाच होता. लगेच परत फिरणं बरं दिसेना म्हणून थोडा वेळ तशीच उभी राहिले. फार एकटं वाटलं.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. अहवाल एका बैठकीत लिहून टाकला, लाल टिकला आहे. साडीची घडी मात्र अजून मोडलेली नाही. ती मला शोभते का, हे कुणी सांगितलेलं नाही.