घरटी एक माणूस

“घरटी एक माणूस!” काका एक बोट वर करून म्हणायचे, आणि पाड्यावरची माणसं मोटारसायकलला किक मारून सटकायची.

तलासरीकडच्या त्या पाड्यावर मी शाळामास्तर, काका माझे शेजारी. तुमच्या शेजारीही असा एखादा असेल. नसला तर सुटलात. कुणाचं घर शाकारायचं असो, विहिरीचा गाळ काढायचा असो, हे न बोलावता हजर. मी न्हाणीघराला गवंडी लावला, तर ह्यांनी त्याच्या हातातली थापीच काढून घेतली. “शेजारी मेलेत का, गुरुजी?” गवंडी दुसऱ्या दिवशी आला नाही. भिंत अजून वाकडी आहे.

पूर्वी कुणाच्याही कामाला प्रत्येक घरातून एक माणूस जायचा. पण आता दिवस पालटले होते. लेकी-सुनांसकट सगळे सकाळीच गुजरात हद्दीवरच्या कंपन्यांत जायचे. खाडा केला की काम गेलं.

अशात काकांच्याच घराची कौलं काढून नवे वासे घालायची वेळ आली. पावसाआधी छप्पर झालं नाही तर घरात राहणं अशक्य. काका दारोदार सांगून आले.

“मजूर लावा हो,” मी वैतागून म्हटलं.

“मजुरानं शाकारलेल्या घरात मी निजायचा नाय. सगळ्यांच्या घरावर मी चढलोय. येतील.”

आणि ठरल्या दिवशी अंगण भरलं की! काका हरखले. पहिल्याला विचारलं, “तू कुणाच्या घरचा रं?”

“मला त्या कोपऱ्यावरच्या घरवाल्यांनी पाठवलाय. मजुरी तेच देणार.”

दुसरा तेच बोलला. तिसराही. प्रत्येक घरानं आपल्या माणसाच्या बदली नाक्यावरचा मजूर धाडला होता. कुचराई कुणीच केली नव्हती.

मला हसू फुटलं. काकांना नाही. त्यांनी सगळ्यांना भात-कालवण वाढलं, हात धुवायला पाणी दिलं आणि परत पाठवलं. मग एकटेच शिडी चढले. मी खालून कौलंही देत होतो आणि शिव्याही. अर्धं छप्पर झालं आणि ते थकून खाली उतरले; उरलेलं तसंच राहिलं.

आगर गावी दिलेली लेक आली, त्यांना घेऊन गेली. “पाऊस सरला का येतो,” म्हणाले. पाऊस सरायच्या आत तिकडंच गेले.

मला अजून रागच येतो. अहो, अंगणभर माणसं कामाला तयार उभी होती! घ्यायचं करून. आता सकाळी भिंतीपलीकडं कुणी खाकरत नाही, आणि मला करमत नाही.